बोंबलाची जोडी

सुके बोंबील भाजायला घेतले की लेक आधी खिडक्या लावते, शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून. मी मात्र त्या वासाबरोबर मुलुंडच्या या स्वयंपाकघरातून वर्सोव्याच्या वाळूवर जाऊन बसते.

तेव्हा मी वाशिमहून पहिल्यांदाच एकटी फिरायला निघाले होते. कोचीचं विमान संध्याकाळी होतं, म्हणून समुद्र बघायला वर्सोव्याला गेले. वाटेत जो तो विचारायचा, "एकटीच?" ते ऐकून ऐकून माझा धीर सुटला होता. विमान सोडून सरळ घरी जावं, असंच मनात होतं.

शेजारी एक कोळीण मावशी दोरीवर ओले बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनीही विचारलं, "एकटीच हाय?" मी मान हलवली. "मंग हात मोकले हायेत ना? धर!"

मी एक बोंबील दोरीवर टाकला, तो सुळकन वाळूत पडला. मावशी खदखदून हसल्या. मग एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून त्यांनी जोडी दोरीवर टाकली. मीही शिकले. काम करता करता त्यांना सगळं सांगून टाकलं, परत जायचं मनात आहे तेही. त्यांना माझ्या मदतीची काही गरज नव्हती, हे आता कळतं.

"बोंबील एकटा नाय टिकत गो," त्या म्हणाल्या आणि माझी सॅक उचलून माझ्या पाठीवर चढवली. "तू टिकशील. जा, इमान चुकंल."

विमानात शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. कोची येईपर्यंत मी हात धुतले नाहीत.