गांजाचा सिनेमा आणि लाल डोळे

माझं लग्न एका सिनेमापायी मोडता मोडता राहिलं. सिनेमाही कुठला, तर गांजाविरुद्धचा!

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही चाकणचे, घरचा कांद्याचा व्यापार. उजाडलं की कामाला लागायचं आणि अंधारलं की निजायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मला सांगून आलेला मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात वेल्डर होता. स्थळ आणलं होतं मावशीनं, ती तिथल्याच कामगार वसाहतीत राहायची. तिच्या घरी तो मला बघायला आला तेव्हा त्याचे डोळे लालभडक होते. पोहे जेमतेम चिवडले, जांभया दिल्या, आणि माझे वडील बोलत असताना भिंतीला टेकून चक्क डुलकी काढली. मला तो आवडला. का, ते विचारू नका. जाग आल्यावर असा काही ओशाळून हसला की मला तेवढं पुरलं. आईला मात्र पोरगा काही धड वाटेना.

होकार की नकार, ते पुढच्या गुरुवारी सांगायचं ठरलं. गुरुवारी त्यांच्या कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये कामगारांना घरच्यांसकट फुकट सिनेमा होता, वर चहा-भजी. मावशी आम्हा मायलेकींना घेऊन गेली. तोही आमच्या पुढच्याच ओळीत बसला होता.

खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला आणि सिनेमा सुरू झाला. टाय लावलेला नायक चिलमीचा एकच झुरका मारतो आणि लगेच कपाटावर चढून कोंबड्यासारखा आरवतो. पुढच्या दृश्यात त्याची दाढी छातीपर्यंत. कोर्टात गाल गुळगुळीत. तुरुंगात पुन्हा दाढी, तीही एका बाजूनं सुटून लोंबणारी. खलनायक तर आंघोळ करतानाही काळा गॉगल काढेना. कँटीन हसून बेजार झालं. मीही पदरात तोंड खुपसून हसत होते.

मग पडद्यावर एक डॉक्टर आला आणि आमच्यावर बोट रोखून गांजेकसाची लक्षणं सांगू लागला. डोळे लाल. जेवणावर वासना नाही. दिवसाढवळ्या झोप. चारचौघांत पेंगणं.

माझं हसू जागच्या जागी विरलं. शेजारी आई ताठ झाली होती.

"बघ, समदं जुळतंय," ती कुजबुजली. "नगं आपल्याला ह्यो. आजच सांगून टाकू."

आई एकदा नाही म्हणाली की वडिलांचंही काही चालत नसे. आणि हा शहाणा समोर पोट धरून हसतोय! गप्प बस ना रे बाबा, म्हणून मी मनातल्या मनात त्याच्यावर ओरडत होते.

सिनेमा संपला, गोणपाटं निघाली, उजेड आला. आईनं मागं वळून पाहिलं आणि आ वासून बघतच राहिली. निम्मं कँटीन पेंगत होतं. कुणी बायकोच्या खांद्यावर, कुणी टेबलावर डोकं टाकून. जे जागे होते त्यांचेही डोळे लाल. भजी तशीच गार झालेली.

"अगं बया! ही समदीच गांजा वढत्यात व्हय?"

मावशीला हसू आवरेना. "आक्के, थर्ड शिफ्ट करून आल्यात ती! रातभर मशीनवर उभी हुती. ह्यो बी त्या दिशी कामावरनं थेट आलता, पोरगी बघाया."

"मंग तवाच न्हाई का सांगायचं?"

"मला वाटलं, तुला ठावं असल."

माझा जीव भांड्यात पडला. एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

आई उठून थेट त्याच्यापाशी गेली. तो धडपडत उभा राहिला. आता उलटतपासणी होणार, या धास्तीनं मी मागोमाग गेले.

"आज बी रातपाळीच?" आईनं विचारलं.

"हो."

"मंग निजायचं सोडून हितं कशापायी आलात?"

त्यानं आईच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही येणार, असं मावशी म्हणाल्या होत्या."

आईनं आपल्या हातातली भज्यांची बशी त्याच्या हातात दिली.

"खावा एवढी, आन घरी जाऊन निजा जावईबापू. सुपारीचं तुमी उठल्यावर बघू."