सोळा किलोमीटर आणि उकडलेला बटाटा

वीस वर्षं बाईंनी लोकांच्या घरचे गॅसमीटर वाचले. खांद्याला पिशवी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वही. मीटर कधी ओट्याखाली डब्यांच्या मागे, तर कधी चपलांच्या कपाटात. वाकून, गुडघे टेकून, प्रसंगी घरच्या मांजराची समजूत काढून आकडा टिपायचा आणि पुढचा जिना चढायचा. ऑफिसात सगळे त्यांना रीडिंगबाई म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं.

मग असे मीटर आले, जे आपला आकडा आपणच ऑफिसला कळवतात. झालं! वाचणाऱ्यांचं काम संपलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की गावाबाहेरच्या मोठ्या पाइपलाइनवर पायी गस्त घालायला माणसं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांना तिकडे घेऊ. अट एकच: सोळा किलोमीटर, दोन तास दहा मिनिटांत. तयारीला तीन महिने. नापास झालेल्यांनी घरी बसायचं.

रीडिंगबाई चव्वेचाळीस वर्षांच्या. घरी बसायची त्यांना धास्तीच होती. त्यांच्या नवऱ्याच्या दुकानात दिवसाला जेमतेम चार गिऱ्हाइकं यायची, त्यातलं एक नुसतं पंख्याखाली बसायला. धाकटी जाऊही त्याच ऑफिसात, त्याच कामावर. दोघींनी एकदमच नाव दिलं.

शिकवायला मास्तर आले. साठी उलटलेले, एकेकाळचे नावाजलेले धावपटू, काठीसारखे सरळ. त्यांनी फळ्यावर एक तक्ता डकवला. पहाटे उपाशीपोटी धावायचं. रोज तासभर, संथ. सुट्टी नाही. वाटेत पाणी सोडून तोंडात काही घालायचं नाही. "शरीराला उपाशी चालायची सवय लागली पाहिजे," ते म्हणायचे. "मी असाच घडलो." ते घडले, हे खरंच होतं. एकाला जे मानवलं ते सगळ्या जगाला मानवेल, असं मात्र कुणी त्यांच्या कानात सांगितलं होतं देव जाणे.

धाकटीला तक्ता मानवला. ती उपाशीपोटी हरणासारखी पळायची आणि परत आल्यावर म्हणायची, "ताई, मला तर भूकच लागली नाही!" थोरलीचं उलटंच. सातवा किलोमीटर आला की डोळ्यांपुढे काजवे, हातापायांना कापरं, आणि डोकं इतकं रिकामं की एकदा त्या आपलीच गल्ली ओलांडून पुढे गेल्या. सहा आठवडे झाले तरी त्यांच्या वेळेत मिनिटाचाही फरक पडला नाही.

"घर एक, जेवण एक, तक्ता एक," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. "जाऊबाई पळतात, तुम्ही बसता. मन लावा, बाई."

"मन लावतेच हो मास्तर. पण मला वाटतं, मला हा तक्ता—"

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

लोक हसले. रीडिंगबाई घरी येऊन मोरीत नळ सोडून रडल्या. आळशी म्हणवून घेण्याइतकं त्यांना कशानंच लागत नसे.

पण रडून झाल्यावर त्यांना एका इमारतीतला दुसरा मजला आठवला. समोरासमोर दोन दारं, दोन्हीकडे चार-चार माणसं, शेगड्या सारख्या. आणि एका घराचा गॅस दुसऱ्याच्या दीडपट. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या दीडपटवालीला त्या फटकन म्हणाल्या होत्या, "जरा जपून वापरा की!" ती बाई त्यांना आत घेऊन गेली. आत अंथरुणाला खिळलेले तिचे वडील होते. त्यांना दिवसातून तीनदा गरम पाण्यानं पुसून काढावं लागे. त्या दिवसापासून रीडिंगबाईंनी आकड्यावरून माणसाची परीक्षा केली नाही. आणि आता स्वतःचीच करत बसल्या होत्या!

त्यांनी पिशवीतून कोरी वही काढली. तारीख, काय खाल्लं, किती झोपले, कुठल्या किलोमीटरला पाय गळाले. वीस वर्षांची सवय, आकडे सुबक पडले.

वहीनं हळूहळू तोंड उघडलं. निघण्याआधी एक उकडलेला बटाटा, मीठ लावून, खाल्ला तर सातवा किलोमीटर गुमान निघून जातो. पाचव्याला आणि दहाव्याला आणखी अर्धा-अर्धा मिळाला, तर बाराव्यालाही डोकं जाग्यावर. एकदा उरलेसुरले जुने मीटर वाचताना, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत उशीर झाला म्हणून त्या चार वेळा सात मजले धावत चढल्या. पाय इतके भरून आले की दोन दिवस पळणंच झालं नाही. आणि तिसऱ्या दिवशी इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा वेळ सुधारली! मग त्यांनी तेच धरलं. आठवड्यातून दोनदा जिने, दमछाक होईपर्यंत. मध्ये सरळ सुट्टी.

धाकटीनं प्रेमानं एकदा थोरलीसारखाच बटाटा खाल्ला आणि तिसऱ्या किलोमीटरला कुंपण धरून तो परत केला. "ताई, तुमचा बटाटा तुम्हालाच लखलाभ!" दोघी रस्त्यातच पोट धरून हसल्या. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते काही उगाच नाही.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा रीडिंगबाईंनी वही मास्तरांपुढे ठेवली. "मास्तर, तक्ता चूक आहे असं नाही म्हणत मी. माझ्या जाऊला तो लागू पडलाय. मला नाही पडला, एवढंच लिहिलंय." मास्तरांनी वही घेतली. दुसऱ्या दिवशी परत दिली.

परीक्षेच्या सकाळी ऑफिसनं सगळ्यांना नंबराची जाकिटं दिली. बायकांच्या जाकिटांना खिसे नव्हते. ज्यानं ती शिवली त्याला सोळा किलोमीटर पळवायला हवं होतं. रीडिंगबाईंनी एका हातात पाण्याची बाटली घेतली, दुसऱ्या मुठीत अर्धा बटाटा धरला, उरलेला अर्धा नाइलाजानं पिशवीतच राहिला. पाचव्याला मुठीतला संपला. नववा उलटला आणि पोटऱ्या जड व्हायला लागल्या. धाकटी केव्हाच दिसेनाशी झाली होती. आता दहाव्याला काही नाही, हे त्यांना कळत होतं, आणि पुढचे सहा किलोमीटर कसे जातील हेही वहीत लिहिलेलं होतं.

दहाव्याच्या खुणेपाशी मास्तर उभे होते. गळ्यात शिट्टी, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात उघडा डबा. डब्यात मीठ लावलेला अर्धा बटाटा.

"थांबू नका बाई, चालता चालता घ्या," ते ओरडले. "आणि पाणी वर दोनच घोट. तुमच्याच वहीत आहे!"

दोन तास, आठ मिनिटं, चाळीस सेकंद. धाकटीनं त्यांना मिठीच मारली आणि दोघी मिळून जवळजवळ पडल्या.

गर्दी पांगल्यावर मास्तर आले. डब्याचं झाकण उगाचच लावत-काढत उभे राहिले.

"माझी मुलगी सातव्याला बसायची," ते म्हणाले. "सतरा वर्षांची होती. मी तिला मैदानावर सगळ्यांदेखत आळशी म्हणालो. परत कधी पळाली नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलते." मग झाकण घट्ट लावून, "वही दोन दिवस द्याल? रविवारी तिच्याकडे जातोय."

रीडिंगबाईंनी पिशवीतून वही काढून दिली. "न्या की. पण मास्तर, हे माझं रीडिंग आहे. तिला बटाटा चालेलच असं नाही. आधी तिला विचारा."

"विचारतो," मास्तर म्हणाले. "तेवढंच राहिलंय."