भाऊजींचे स्वच्छ हात

आमच्या भाऊजींइतका स्वच्छ माणूस मी पाहिलेला नाही. ताईच्या घरात शिरलं की आधी चपला कपाटात, मग हात साबणाने, मग खुर्ची. पिण्याच्या पाण्याच्या काचेच्या जारला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तहान लागली तर मागायचं, ते ओतून देणार. ताई लग्नापासून स्वतःच्या घरात पाणी मागून पिते. मला हा माणूस पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असतो, हे आधीच सांगून टाकते.

पूर्वी ते औषधांचे नमुने घेऊन दवाखान्यांतून फिरायचे. बोलणं गोड, बूट चकचकीत. तेवढ्या भांडवलावर ते एका निधीच्या कचेरीत चिकटले. जीवशास्त्रातलं काही नवं करू पाहणाऱ्या, नुकत्याच उभ्या राहिलेल्या कंपन्यांना हा निधी हप्त्याहप्त्याने पैसे देतो, आणि पुढचा हप्ता सुटतो तो भाऊजींच्या शेऱ्यावर. प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवतात, “आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” आमच्या प्रयोगशाळेत त्यांचं नावच पाठीशीसाहेब. पाठीशी असतील, समोर कधी सापडत नाहीत.

आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या, बाई आणि मी. बाई भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात डॉक्टर होत्या. मुलाच्या अंगावरचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यातून तळहाताएवढी कातडी वाढवायची, या एका ध्यासापायी त्यांनी नोकरी सोडली. पेशी चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात वाढतात. त्यांना रविवार कळत नाही, त्यांचं दाणापाणी मी सुट्टीच्या दिवशीही येऊन बदलायचे. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय त्यांच्या जवळ जायचं नाही, आणि बाटली उघडायची ती हवा गाळणाऱ्या कपाटातच. पहिल्यांदा बाटलीत कातडी तयार झाली तेव्हा बाई तिच्याकडे बघत स्टुलावर बसल्या त्या उठेचनात. तशीच ती पुन्हा वाढवून दाखवली की पुढचा हप्ता मिळणार होता. नाही मिळाला, तर दुकान बंद.

ती दुसरी खेप भरात असताना पाठीशीसाहेब फोटोवाल्याला घेऊन आले. निधीच्या पुस्तिकेसाठी फोटो हवा होता. मी हातमोजे पुढे केले.

“नको गं, फोटोत हात रबरी दिसतात.”

मास्कही नको, चेहरा झाकतो म्हणे. त्यांनी पेशींच्या उबदार कपाटात हात घातला, चार बाटल्या इकडच्या तिकडे सारल्या, मनासारखी एक बाहेर काढली. तिचं झाकण फिरवून दुसऱ्या हातात धरलं आणि वास घ्यावा तसे वाकून हसले.

“भाऊजी, झाकण लावा,” मी म्हटलं.

“एवढ्याने काय होतं?”

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हप्ता ज्याच्या हातात, त्याच्या हातातली बाटली त्या कशी हिसकावणार? मी हिसकावायला हवी होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कुणाच्या पैशांवर प्रयोगशाळा चालवलेली नसावी.

आठवडा उलटायच्या आत गुलाबी पाणी गढूळ झालं. वर बुरशीची लव आली आणि ती सगळ्या बाटल्यांत पसरली. मी एकेका बाटलीत ब्लीच ओतलं. रंग उडेपर्यंत बाई शेजारी उभ्या होत्या. गोठवून ठेवलेल्या पेशींतून सगळं पुन्हा उभं करता आलं असतं, फक्त मुदत वाढवून हवी होती. बाईंनी फोन लावला आणि घडलेलं सगळं स्पष्ट सांगितलं.

“बुरशी तुमच्याकडे आधीचीच असेल,” भाऊजी म्हणाले. “आणि मुदतीचं म्हणाल, तर माझ्या हातात काही नाही हो.”

बाटली तेवढी होती. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, निकालांत सातत्य नाही. हप्ता थांबला.

बाईंनी खोल्यांच्या किल्ल्या परत केल्या त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले. टेबलावर नवी पुस्तिका पडली होती. मुखपृष्ठावर भाऊजी, एका हातात बाटली, दुसऱ्यात झाकण. ताईला सगळं ठाऊक होतं. “माझ्या संसाराकडे बघून गप्प बस,” असं तिने मला विनवलं होतं, म्हणून मी शब्द काढला नाही. चपला न काढता, हात न धुता सरळ जारपाशी गेले, झाकण उचललं आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला.

भाऊजी ताडकन उठले. “अगं, काय करतेस हे? सगळं पाणी ओतून द्यावं लागेल आता.”

“एवढ्याने काय होतं?” मी म्हटलं.

ते ताईकडे बघायला लागले. तिने मला झापावं अशी त्यांची अपेक्षा असणार. ताईने पदराला हात पुसले, कुणाला न विचारता जार उचलला, त्यातून ग्लास भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

“प्या,” ती म्हणाली, आणि ते पिईपर्यंत तिथून हलली नाही.