प्लास्टरमामा आणि मागचं दार

सरकारी दवाखान्यात हाड बसवायचं काम डॉक्टरांचं, पण ते बसलेलं हाड जागेवर ठेवायचं काम एकाच माणसाचं. कोमट पाण्याच्या बादलीत पट्टी बुडवायची, बुडबुडे थांबले की हलकेच पिळायची आणि कापसावरून अशी गुंडाळायची की कुठे सुरकुती राहू नये. हजेरीपटावर त्या माणसाचं नाव होतं, पण ते हजेरी घेणाऱ्यालाही आठवावं लागे. सगळं शहर त्यांना प्लास्टरमामा म्हणे.

प्लास्टर घट्ट होईपर्यंत पेशंटला हलता येत नाही. मामा या सक्तीच्या स्वस्थपणाचा पुरेपूर फायदा घेत. "इथे तुम्हाला कुणी विचारलं का, खिशात काय आहे म्हणून? नाही ना? हे आभाळातून पडलेलं नाही. यासाठी माणसं भांडलीत. भांडायची थांबली की हेही थांबेल." पेशंट मान हलवी, कारण तेवढंच हलवता येत असे. गावात एक विनोदच होता, 'पाय मोडून गेलो आणि पक्षाचा सभासद होऊन आलो.'

मामांचा समाजवाद पुस्तकातून आलेला नव्हता. ते लहान असताना वडिलांच्या पायावर भट्टीतल्या विटांचा ढीग कोसळला होता. याच दवाखान्यात तो पाय वाचला. वडील म्हणाले होते, "पाय गरम लागतोय." तेव्हाचा म्हातारा प्लास्टरवाला म्हणाला, "घट्ट होताना तापणारच." ते वाक्य मामांच्या मनात राहून गेलं. पुढे ते नोकरीला लागले, पक्षात गेले, शाखेचे अध्यक्ष झाले. लोकशाही, समाजवाद हे शब्द सभेत उच्चारताना त्यांची जीभ अडखळे. ते सरळ सांगत, "सत्ता मतपेटीतून, दवाखाना सगळ्यांचा. उरलेलं तुम्ही भरा."

पक्षात त्यांनी आणखी एका माणसाला आणलं होतं, थोरल्या बहिणीच्या मुलाला. लहानपणी झाडावरून पडून त्यानं हात मोडून घेतला, तेव्हाच मामांचं पहिलं भाषण त्यानं ऐकलं. पुढे त्यानं भिंती रंगवल्या, घोषणा दिल्या, निवडून आला. आता शहरात पक्षाची सत्ता होती आणि भाचा आरोग्य समितीचा अध्यक्ष होता. मामांची छाती त्याच्याकडे बघून फुगे, आणि त्याची इस्त्री बघून थोडी उतरेही.

एका सकाळी प्लास्टरच्या खोलीच्या मागच्या दारावर दोनदा टकटक झाली. ते दार धुण्याच्या अंगणात उघडे. दोन टकटक म्हणजे पक्षाचा माणूस, हे ठरलेलं होतं. मामांनी कडी काढली. भाचा आत आला.

"मामा, रविवारी शाखेत माझा ठराव आहे. तुझा पाठिंबा हवा."

ठराव 'जलद खिडकी'चा होता. हाडांच्या विभागात एका खाजगी कंपनीची खिडकी उघडायची. पैसे भरेल त्याला लगेच आत घ्यायचं. दवाखाना या शाखेच्या हद्दीत, त्यामुळे पक्षाच्या नियमानं शाखेची संमती लागणार होती. ती मिळवून दिली तर वरचे लोक मोठ्या निवडणुकीचं तिकीट द्यायला तयार होते. भाच्यानं काही लपवलं नाही.

"ज्यांना परवडतं ते खाजगीत जातात. त्यांना इथे आणू, त्यांच्या पैशातून गरिबांचं भागवू. यात वाईट काय?"

"परवडणारा खिडकीतून आत गेला, की बाहेरच्या बाकाकडे बघणार कोण? उद्या पट्ट्या कमी पडल्या, तर आधी कुणाच्या कमी पडतील?"

"हे भाषण मी ऐकलंय. तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता."

"मग हातातच राहिलं. डोक्याला लावायला हवं होतं."

भाचा मनापासून हसला. मग हसू आवरून म्हणाला, "एक विचारू? मी आत्ता आलो कुठून?"

मामांच्या हातातली ओली पट्टी हातातच राहिली.

"समोर बाकावर माणसं सकाळपासून बसलीत. मी दोन टकटक केली आणि तू कडी काढलीस. आपल्या शाखेतला तो बसकंडक्टर इथून येतो. माझी आई इथूनच येते. जलद खिडकी या दवाखान्यात आहेच, मामा. फक्त तिच्यावर पाटी नाही. मी पाटी लावतोय. ज्याची ओळख नाही त्याला निदान पैसे भरून तरी आत येता येईल. खरं बोलायचं तर माझी खिडकी तुझ्या दारापेक्षा जास्त लोकशाहीवादी आहे."

तो गेला, मागच्याच दारानं. मामांनी मूठ उघडली. पट्टी मुठीच्या आकारात घट्ट झाली होती. कुणाच्याच हाडावर न बसलेलं प्लास्टर. ते त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

त्या दिवशी घरी जाताना मामा बाकाच्या कडेला टेकले. बाक रिकामा होता, पण इतक्या पाठींनी घासलेली भिंत तेलकट काळी झाली होती, जणू माणसं गेली आणि त्यांचं थांबणं तिथेच बसून राहिलं. आपण रोज याच्या पलीकडे उभे असतो, त्यांना वाटलं, आणि इथून खोलीचं दार केवढं लांब दिसतं. मग त्यांना दुसरं टेबल आठवलं. पूर्वी शाखेच्या प्रत्येक सभेत ती मागणी असे, प्लास्टरच्या खोलीत दुसरं टेबल आणि दुसरा माणूस. हळूहळू ती मागणी विरून गेली. का विरली, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरजच उरली नाही. ज्यांचा आवाज मोठा होता ते सगळे मागून आत येत होते.

भाचा बरोबर बोलला होता. फक्त त्याचं उत्तर चुकलं होतं. मामा उठले तेव्हा रविवारी काय करायचं ते ठरलं होतं. धास्ती एकाच गोष्टीची होती. मामा पोरके झाले तेव्हा ज्या बहिणीनं शिवणकाम करून त्यांना वाढवलं, तिच्याच मुलाच्या तिकिटावर ते पाणी फिरवणार होते.

शाखेची सभा ताईच्याच शिवणवर्गात भरे. मशिनी झाकून भिंतीला लावायच्या, मधे खुर्च्या मांडायच्या. मतदान उघड असे. बाजूचे मशिनींकडे जात, विरोधातले दाराकडे.

भाचा छान बोलला. बोलायला त्याला मामांनीच शिकवलं होतं. मग मामा उभे राहिले.

"माझी उपसूचना आहे. खिडकी नको, आणि मागचं दारही बंद. पक्षाचा माणूस असो की त्याची आई, बाकावर बसायचं."

 कंडक्टर उसळला. "मामा, आमची ड्युटी असते! मी दुपारपर्यंत बाकावर बसलो तर बस काय तुम्ही हाकणार?"

"तू कुठे हाकतोस? तू तिकिटं फाडतोस."

हशा पिकला. कंडक्टर लाल झाला. "इतकी वर्षं मोर्चे काढले, पत्रकं वाटली. त्याचं एवढंही फळ नको?"

"फळं हवी होती तर फळांचं दुकान टाकायचं होतंस." मामांचा आवाज चढला नाही. "दोष कडी काढणाऱ्याचा आहे, म्हणजे माझा. तुमच्यासारखे भांडकुदळ मी आत घेतले, आणि ज्यांना भांडायची सवय नाही ती माणसं बाहेर ठेवली. मग दुसरं टेबल येणार कुठून? तुम्ही बाकावर बसला असतात, तर ते कधीच आलं असतं. बलवान माणूस रांगेत असला की रांग लहान होते. हाच आपला पक्ष. बाकी सगळी रंगरंगोटी."

"उपसूचनेवर मत घ्या," भाचा शांतपणे म्हणाला. त्यानं माणसं मोजलेली होती.

खुर्च्या सरकल्या. कंडक्टर पुटपुटत मशिनींकडे गेला. "टोमणा मारला तरी मुद्दा खरा आहे म्हाताऱ्याचा." बघता बघता दोन्हीकडे सारखी माणसं झाली. मधे एकटी ताई. उठायला तिला वेळ लागे. गुडघे दुखत म्हणून तर ती आठवड्याला पट्टी बांधून घ्यायला मागच्या दारानं येत असे.

"आई, इकडे," भाचा म्हणाला.

"मला कळतं कुठे जायचं ते. मला रस्ता दाखवू नकोस."

ती खुर्चीला धरून उभी राहिली. मामा तिच्याकडे बघू शकले नाहीत. खाली फरशीवर दोऱ्यांचे तुकडे पडले होते, ते बघत राहिले. पावलं आली ती मशिनींकडे. ताईनं आपल्या जुन्या मशिनीवर हात ठेवला.

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हे मी घरात खूप केलं," ती मुलाला म्हणाली. "पक्षात नको. तुला तिकीट मिळालं तर मी साऱ्या गल्लीला सांगत फिरेन. पण असं नको." मग भावाकडे वळली. "आणि तू फार शहाणा झालास असं समजू नकोस. माझे गुडघे काय म्हणतात ते उद्या कळेल तुला."

दुसऱ्या दिवशी मामांनी लोखंडी कपाट ढकलत नेऊन मागच्या दाराला लावलं. थोड्या वेळानं दोन टकटक झाली.

"समोरून या."

"मामा, मी आहे," कंडक्टरचा आवाज. "काल तुमच्या बाजूनं मत दिलंय मी!"

"मग तर समोरूनच ये."

बाकावर ताई बसली होती, तिच्या शेजारी मनगट सुजलेला कंडक्टर. ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. शेवटी कंडक्टर ताडकन उठला. "हे काय चाललंय? एवढ्या माणसांना एकच टेबल?"

काठी घेऊन बसलेल्या एका आजींनी त्याला खालून वर न्याहाळलं. "नवीन दिसताय."

तेवढ्यात भाचा आला. चेहरा उतरलेला, इस्त्री मात्र जागच्या जागी. "आई, चल. गाडी आणलीय. चांगल्या ठिकाणी दाखवू."

"बस," ताई म्हणाली.

तो उभाच राहिला. मग आईशी बोलायचं तर वाकावं लागतं, म्हणून बसला. हात गळ्यात बांधलेला एक माणूस आला आणि त्याला विचारू लागला, "शेवटचे तुम्ही का?"

भाच्यानं आईकडे पाहिलं, प्लास्टरच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते खरंच लांब होतं. "हो," तो म्हणाला. "माझ्यामागे तुम्ही."

"बरे सापडलात," कंडक्टर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "आरोग्य समितीचे अध्यक्ष ना तुम्ही? दुसरं टेबल कधी?"

सगळा बाक वळला.

"बघतो," भाचा म्हणाला.

"बघतो नाही," ताई म्हणाली. "तारीख सांग."

आत मामा एका मुलीच्या पायाला शेवटची पट्टी गुंडाळत होते. बाहेरचे आवाज चढत चालले होते. मुलगी म्हणाली, "मामा, गरम लागतंय."

"लागणारच," मामा म्हणाले, आणि पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "पुढचा कोण?"

"आजी आहेत," बाहेरून ताईचा आवाज आला. "माझा नंबर त्यांच्यानंतर."