जळालेलं रान

वाळल्या गवताच्या धुराचा वास आला की मला मारेगावकडचं आमचं रान आठवतं. बाबा गावची ढोरं चारायचे. मोहाच्या झाडांखालचं मऊ गवत ती आवडीनं खायची. एका वर्षी जंगलाच्या नव्या साहेबांनी गवत वाढावं म्हणून चराई बंद केली. बाबा म्हणाले, "साहेब, ढोरं नाही चरले त कुसळ माजते. आग लागली त झाडंही जातीन." साहेब हसले. पुढच्या उन्हाळ्यात कमरेएवढं वाढून वाळलेलं कुसळाचं गवत पेटलं, जुने मोह उभे जळाले, आणि जंगलखात्याच्या नाकेदारानं पकडलं बाबांनाच. म्हणाला, "तुले पहिलेच कसं मालूम होतं?" मी नाक्यावर भाकर घेऊन गेले, तर बाबांनी एवढंच विचारलं, "मोह वाचले का वं?" मी हो म्हणाले. सुटल्यावर ते थेट रानात गेले. माझ्या खोट्याबद्दल मला कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आज म्हातारपणीही वाटतं.