राणीचं बोलणं

चेन्नईला नुंगंबाक्कमच्या बँकेत असताना तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. तीस वर्षं तमिळ पेपरात बातमीदारी केलेले. निवृत्तीनंतर त्यांनी तंजावरच्या एका राणीवर मराठीत कादंबरी लिहिली होती.

"सार, तुम्ही पुण्याचे. शुद्धलेखन तेवढं पाहा," म्हणत त्यांनी कागद दोन्ही हातांनी पुढे केले.

कादंबरीत राणी प्रधानाला 'पुसत' होती. पूर्वी विचारण्याला पुसणं म्हणत, हे मला ठाऊक होतं. तरी मी हसलो. "प्रधान काय फरशी आहे, पुसायला?"

"आमच्यात अजून पुसतातच, सार. माझ्या आजीचं बोलणं राणीला दिलंय."

मी पानोपानी 'विचारलं' केलं. आणखीही बरंच बदललं. माणूस भिडस्त, त्यांनी तसंच छापलं.

प्रकाशनाच्या दिवशी त्यांच्या नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. "राणी आमच्यासारखी का बोलत नाही रे?"

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "मीच विसरलो, अक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काहीही विसरले नव्हते. मी पहिल्याच रांगेत होतो. खरं सांगायला मला नुसतं उभं राहायचं होतं, तेवढंही मी केलं नाही.