माझ्या कमरेला चार इंच

आम्ही अमेरिकेत चँडलरला राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होते आणि सकाळी क्लिनिक उघडायचं काम माझं असे. एका सकाळी पार्किंग लॉटमध्ये एका माणसाने मला मागून गाडीवर दाबलं, पर्स हिसकावली आणि निघून गेला. लागलं काहीच नाही. पण त्यानंतर गाडीतून उतरून क्लिनिकच्या दारापर्यंत जायचं म्हटलं की मी तीन-तीनदा आरशात मागे बघायचे. ग्रीन कार्ड आलेलं होतं, त्यामुळे कायद्याने बंदूक घेता येणार होती. मी रीतसर क्लास केला, परवाना काढला आणि घरी सांगितलं, मला रिव्हॉल्व्हर घ्यायचंय.

इथपर्यंत सगळं माझं होतं. इथून पुढे त्यात सगळ्यांनी नाक खुपसलं.

नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. साधा मिक्सर घ्यायचा तरी तो त्याचा कीस पाडतो. रिव्हॉल्व्हरची नळी किती लांब असावी, हा तर त्याला नवा छंदच मिळाला. शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बायका पावभाजी वाढत होत्या आणि पुरुष प्लेट हातात धरून नळीवर बोलत होते. त्यातल्या एकानेही आयुष्यात गोळी झाडलेली नव्हती.

"फोर इंच घे यार, ॲक्युरसी बेटर असते."

"टू इंचला किक फार. वहिनींना झेपणार नाही."

वहिनी पावाचं ताट घेऊन तिथेच उभ्या होत्या. मी म्हटलं, "मी क्लिनिकचे स्क्रब्ज घालून जाते. त्या पायजम्याला नाडी असते, बेल्ट नसतो. एवढं लांब कुठे लावू?"

"अगं, बेल्ट घेऊ की," नवरा म्हणाला आणि चर्चा पुढे गेली.

बंदुकांच्या दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर मी सगळी चालवून पाहिली. दोन इंची खिशात मावायचं, पण हातात असं उसळायचं की दुसरी गोळी कुठे जाईल सांगता येत नसे. चार इंची नेमकं लागायचं, पण कमरेला लावून बसलं की नळी सीटला टेकायची आणि मूठ बरगडीत रुतायची. तीन इंची माझ्या हातात नीट बसलं. दुकानदारानेही मान डोलावली. मी म्हटलं, हेच.

"तीन म्हणजे ना धड हे, ना धड ते," नवरा म्हणाला. "थोडं थांबू."

थांबलो. दसऱ्याच्या सकाळी पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि मधोमध कोरं करकरीत चार इंची रिव्हॉल्व्हर. त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. "तुझ्यासाठी सरप्राईज," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका फुलला होता की रडावं की ओरडावं मला कळेना. तेलाला चिकटून कुंकू गोळ्यांच्या चकरीच्या फटीत गेलं होतं. जुन्या टूथब्रशने ते काढताना मी नुसती धुमसत होते.

बेल्ट लावून पाहिला. स्क्रब्जवर तो घसरायचा आणि गाडी चालवताना मूठ टोचायची. शेवटी चिडून म्हटलं, "हे बदलून आण."

"पूजा केलेली वस्तू परत द्यायची?" तो खरंच दुखावला. एरवी मी सांगितल्याशिवाय देवाला हात न जोडणारा माणूस. "सवय होईल तुला."

"मग मी दुसरं घेते."

"घरात दोन-दोन गन्स? मुलगी आहे घरात."

तो चुकीचं बोलत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. रिव्हॉल्व्हर कपाटातल्या तिजोरीत गेलं. पुढच्या दसऱ्याला तेवढं बाहेर आलं, हळदकुंकू लावून घेतलं आणि परत आत गेलं.

पॉटलकला नवरा अभिमानाने सांगायचा, "आता ती बिनधास्त जाते. नो टेन्शन." मी ऐकत वाढत राहायचे.

आणि सकाळी पार्किंग लॉटमध्ये पोचले की दारं लॉक करून, इंजिन चालू ठेवून मी गाडीतच बसायचे, डॉक्टरीणबाईंची गाडी वळताना दिसेपर्यंत. क्लिनिक उघडायला रोज उशीर का होतो, असं त्यांनी एकदा विचारलं. मी ट्रॅफिकचं कारण दिलं.